वाचक विचारतात : अभ्यासाच्या व्हिसावरून कामाच्या व्हिसावर

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या नाशिकमधल्या घरांतून, आणि काही थेट तिकडून, आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ब्रिटनच्या ‘स्टुडंट’ व्हिसावरून ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर तिथल्या तिथे जाता येते, त्यासाठी भारतात परतावे लागत नाही. मात्र तारखा आणि पगाराचे आकडे पक्के जुळावे लागतात. ‘साधारण बसतंय’ म्हणून केलेले अर्ज नामंजूर होतात आणि फी परत मिळत नाही. फीचे आकडे एप्रिल २०२५ च्या दरपत्रकातले आहेत. हे दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा आकडाच धरावा.

प्रश्न : मुलगी लीड्सला डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करते आहे. कोर्स सप्टेंबर २०२६ मध्ये संपतो, व्हिसा जानेवारी २०२७ अखेरपर्यंत आहे. एका कंपनीने ऑफर दिली असून ‘लगेच रुजू हो’ म्हणतात. पदवी प्रमाणपत्र डिसेंबरशिवाय हाती येणार नाही. तोवर थांबावे, की आधी दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा घ्यावा? — पालक, गंगापूर रोड

स्किल्ड वर्करच्या अर्जासाठी पदवी प्रमाणपत्र हाती असावे लागत नाही. अट आहे ती कोर्स संपण्याच्या तारखेची. १७ जुलै २०२३ पासून नियम असा आहे, की विद्यार्थ्याने कोर्स पूर्ण केलेला असावा. किंवा पदवी अथवा त्यावरच्या पातळीच्या कोर्सला असताना अर्ज करायचा, तर नोकरी सुरू होण्याची तारीख कोर्स संपण्याच्या तारखेआधीची नसावी. पीएच.डी.वाल्यांना चोवीस महिने अभ्यास झाल्यावर ही मुभा मिळते.

ही नोकरीची तारीख ऑफर लेटरमधली नव्हे, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपमधली. सगळे त्याला ‘सीओएस’ म्हणतात. नावाला सर्टिफिकेट असले तरी तो कागद नाही. कंपनीने गृहखात्याच्या प्रणालीत भरलेली नोंद आहे आणि मुलीला मिळतो तो फक्त तिचा क्रमांक. बहुतेक गोंधळ इथेच होतो. कंपनीचा एचआर घाईत ‘रुजू होण्याची तारीख’ आजची किंवा पुढच्या सोमवारची टाकतो, कोर्स मात्र अजून तीन आठवडे बाकी असतो. एका दिवसाचा फरकही अर्ज पाडायला पुरतो. म्हणून मुलीने प्रवेशाच्या वेळी मिळालेले ‘कॅस’, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेले प्रवेशाचे पत्र, काढावे, त्यावरची कोर्स संपण्याची तारीख एचआरला लेखी कळवावी आणि सीओएस देण्याआधी भरलेला मसुदा दाखवायला सांगावे. प्रबंध लवकर दिला म्हणून कोर्स त्या दिवशी संपला असे धरू नये. विद्यापीठाच्या नोंदीत जी तारीख आहे तीच खरी.

क्रम असा. कंपनीचे नाव परवानाधारक प्रायोजकांच्या, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांच्या, सरकारी यादीत आहे का, हे आधी पाहा. ही यादी सर्वांसाठी खुली आहे. मग एचआरला विचारा की त्यांच्याकडे ‘अनडिफाइन्ड’ सीओएस शिल्लक आहे का. ब्रिटनमध्ये राहून व्हिसा बदलणाऱ्याला हाच प्रकार लागतो. ‘डिफाइन्ड’ हा प्रकार भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी. शिल्लक नसेल तर कंपनीला जादा मागावे लागतात, आणि त्यात काही आठवडे जातात. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा, आणि नोकरीच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून तो करता येतो. समजा कोर्स १८ सप्टेंबरला संपतो आणि नोकरी २१ ला सुरू होते, तर जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून दार उघडे आहे. निर्णयाला साधारण आठ आठवडे धरावेत.

आता ग्रॅज्युएट व्हिसाचे. त्याला कंपनीची गरज नसते, पगाराची अट नसते, कुठेही काम करता येते. पण विद्यापीठाने ‘कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाला’ अशी नोंद गृहखात्याला कळवल्यावरच अर्ज करता येतो, आणि ही नोंद निकाल जाहीर झाल्यावर होते. या वर्षी त्यात एक मोठी तारीख आहे. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जाला ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचा मिळेल, पीएच.डी.ला तीन वर्षे कायम आहेत. तुमच्या मुलीचा स्टुडंट व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत आहे, त्यामुळे ‘अजून महिना आहे’ म्हणून ती जानेवारीत अर्ज करील आणि सहा महिने गमावील. निकाल नोव्हेंबरात लागणार असेल, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला आत्ताच विचारून ठेवावे की नोंद कधी पाठवणार, आणि अर्ज ३१ डिसेंबरच्या आत करावा.

आमचे मत विचाराल तर : कंपनी परवानाधारक असेल, पगार अटीत बसत असेल आणि सीओएस खरोखर द्यायला तयार असेल, तर थेट स्किल्ड वर्कर घ्यावा. ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ स्किल्ड वर्करवरून कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांत धरत नाहीत. शिवाय पैसे दोनदा जातात. ग्रॅज्युएटची फी ८८० पौंड आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) २,०७० पौंड, म्हणजे २,९५० पौंड. स्किल्ड वर्करची तीन वर्षांपर्यंतची फी ८८५ पौंड आणि अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५, म्हणजे ३,९९० पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर ही रक्कम पावणेपाच लाखांच्या पुढे जाते, आणि अधिभार सगळ्या वर्षांचा एकदम, अर्जासोबतच भरावा लागतो. कंपनी नुसती ‘बघू, पुढे देऊ’ म्हणत असेल, तर मात्र ग्रॅज्युएट व्हिसा सोडू नये.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला आहे, घर सिडकोत. ऑफर ३५,००० पौंडांची आहे. एचआर म्हणतो, नव्याने कामाला लागणाऱ्यांची मर्यादा ३३,४०० आहे, म्हणजे तू आरामात बसतोस. आठवड्याला ४० तास काम आहे. खरेच बसतो का? — अभियंता

बहुधा नाही. कारण तुमच्या प्रश्नातच आहे : चाळीस तास.

२२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे. ‘न्यू एन्ट्रंट’ला, म्हणजे अर्जाच्या दिवशी सव्वीस वर्षांखालील असलेल्यांना, तसेच स्टुडंट किंवा ग्रॅज्युएट व्हिसावरून येणाऱ्यांना, ती ३३,४०० आहे. इथपर्यंत एचआरचे बरोबर. पण ही एकच अट नाही. त्या व्यवसायाचा ठरलेला दर असतो, त्याला ‘गोइंग रेट’ म्हणतात. न्यू एन्ट्रंटला त्याच्या सत्तर टक्के तरी मिळायला हवे. दोन्हींत जो आकडा मोठा, तो लागू. आणि गोइंग रेट आठवड्याच्या साडेसदतीस तासांवर बांधलेला असतो. तास वाढले की तोही त्या प्रमाणात वाढतो.

उदाहरणाने पाहू. समजा तुमच्या कामाचा गोइंग रेट ४८,००० आहे. त्याचे सत्तर टक्के ३३,६००. हे साडेसदतीस तासांचे. चाळीस तासांसाठी ३३,६०० ला ४० ने गुणा, ३७.५ ने भागा. उत्तर येते ३५,८४०. तुमची ऑफर ३५,०००. म्हणजे आठशे चाळीस पौंडांनी अर्ज पडतो, आणि एचआरला पत्ताही लागत नाही, कारण तो ३३,४०० पाहून निश्चिंत असतो.

याशिवाय ताशी किमान १७.१३ पौंडांची अट आहे. ३५,००० भागिले वर्षाचे २,०८० तास म्हणजे १६.८३. इथेही कमी. गोइंग रेट काहीही असो, चाळीस तासांच्या नोकरीला ३५,६३० च्या आसपास पगार असल्याशिवाय ताशी दराची अट पुरी होत नाही. म्हणून दोनपैकी एक करायला सांगा : करारातले तास साडेसदतीस करा किंवा पगार वाढवा. बऱ्याच कार्यालयांत जेवणाची अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी धरून चाळीस तास लिहिलेले असतात, प्रत्यक्ष पगारी तास साडेसदतीसच असतात. तसे असेल तर करार आणि सीओएस दोन्हींत पगारी तास स्पष्ट लिहून घ्यावेत. तोंडी खुलासा चालत नाही.

पगारात फक्त हमीचा मूळ पगार धरतात. ओव्हरटाइम, बोनस, टिप, कंपनीने भरलेले पेन्शन यांतले काहीही मोजत नाहीत. ‘बोनस धरून ३८ जातो’ हे वाक्य ऐकले तर बोनस बाजूला काढून पुन्हा गणित करा.

शेवटचे, व्यवसायाचा कोड. प्रत्येक कामाला चार आकडी कोड असतो आणि गोइंग रेट त्यावर ठरतो. २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जाला काम पदवी पातळीचे लागते, थोड्या सवलतीच्या याद्या सोडल्या तर. काही कंपन्या दर कमी बसावा म्हणून जवळपासचा कोड टाकतात. गृहखाते पदाचे नाव वाचत नाही, कामाचे वर्णन वाचते. रोज संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘आयटी सपोर्ट’ म्हणून दाखवले, तर अर्ज तर जातोच, शिवाय कंपनीचा परवानाही धोक्यात येतो.

प्रश्न : भावाची ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षे संपत आली. कंपनी न्यू एन्ट्रंटच्या पगारावर तीन वर्षांचा सीओएस देते म्हणते. आम्ही खुशीत आहोत, काही खोट तर नाही ना? — वाचक, देवळाली कॅम्प

आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. न्यू एन्ट्रंटची सवलत एकूण चार वर्षांपुरती आहे आणि त्या चार वर्षांत ग्रॅज्युएट व्हिसाचा काळही धरतात. दोन झाली, तीन मागताहेत, बेरीज पाच. असा अर्ज कमी पगाराच्या सवलतीत मंजूर होत नाही. सव्वीस वर्षांखालील असला तरीही चार वर्षांची ही मर्यादा सुटत नाही.

कंपनीला दोन वर्षांचा सीओएस द्यायला सांगावे. पण प्रश्न त्यानंतरचा आहे. दोन वर्षांनी मुदतवाढ मागताना पूर्ण पगार दाखवावा लागेल, म्हणजे आजच्या नियमाने ४१,७०० किंवा पूर्ण गोइंग रेट, जो मोठा असेल तो. सत्तर टक्क्यांवरून शंभरवर जाणारी ही उडी बऱ्याच लहान कंपन्यांना झेपत नाही. आज ऑफर घेतानाच विचारावे की दोन वर्षांनी या पदाचा पगार किती असतो. उत्तर गुळमुळीत आले, तर ही दोन वर्षे दुसरी नोकरी शोधायची म्हणून वापरायची, हे आत्ताच ठरवून ठेवावे.

प्रश्न : एजंट १४ लाख रुपये घेऊन यूकेचा सीओएस ‘काढून देतो’ म्हणतो. अर्धे आत्ता, अर्धे व्हिसा लागल्यावर. द्यावेत का? — वाचक, नाशिक रोड

एक रुपयाही देऊ नका.

सीओएस ही विकायची वस्तू नाही. कंपनीने तो देण्यासाठी सरकारला भरायची फी ५२५ पौंड आहे. त्याखेरीज ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ कंपनीने भरायचा असतो. डिसेंबर २०२५ पासून तो मोठ्या कंपनीला पहिल्या वर्षी १,३२० पौंड आणि लहान कंपनीला ४८० पौंड आहे. हा चार्ज कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्करच्या बाबतीत सीओएसची व परवान्याची फीही कंपनीला त्याच्याकडून घेता येत नाही. पगारातून हप्त्याने कापणेही त्यातच येते. उमेदवाराने भरायचे ते व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार, तेही थेट सरकारी संकेतस्थळावर.

१४ लाख देऊन मिळालेल्या सीओएसमागे बहुधा काम नसते. गृहखात्याची तपासणी झाली, कंपनीचा परवाना रद्द झाला, की मुलाचा व्हिसा साधारणपणे साठ दिवसांवर येतो. तेवढ्यात नवा प्रायोजक मिळाला नाही तर बॅग भरायची. द्राक्षबाग गहाण टाकून किंवा शैक्षणिक कर्जाच्या डोक्यावर आणखी कर्ज काढून असे पैसे दिले जातात, म्हणून हे इतके ठासून लिहितो आहोत.

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला एम.एस्सी. करतो. मे महिन्यात तासिका संपल्या, आता फक्त प्रबंध आहे. सुट्टी आहे म्हणून केअर होममध्ये ३५ तास काम करतो आणि संध्याकाळी ॲपवरून जेवण पोहोचवतो. केअर होमवाले पुढे प्रायोजकत्व देऊ म्हणतात. — पालक, पिंपळगाव बसवंत

आज रात्रीच त्याला फोन करा. दोन्ही गोष्टी थांबायला हव्यात.

पदवी किंवा त्यावरच्या कोर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार. एका आठवड्यात तीस आणि दुसऱ्यात दहा, मग सरासरी वीस, असे चालत नाही. बिनपगारी स्वयंसेवी कामही तासांत धरतात. आणि एम.एस्सी.ला उन्हाळ्याची सुट्टी नसते. प्रबंधाचे महिने म्हणजे सत्रच. तासिका नाहीत म्हणून मुलांना सुट्टी वाटते, बी.एस्सी.चे मित्र पूर्णवेळ काम करताना दिसतात, आणि चूक होते. पूर्णवेळ काम कोर्स संपण्याच्या तारखेनंतरच करता येते. तेव्हाही कायमस्वरूपी पूर्णवेळ पद घ्यायचे, तर ग्रॅज्युएट किंवा स्किल्ड वर्करचा अर्ज दाखल झालेला हवा.

ॲपवरचे डिलिव्हरीचे काम त्याहून वाईट, कारण त्यात तो नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसायाला पूर्ण बंदी आहे, एक तासही नाही. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यावर केले तर प्रकरण आणखी बिघडते.

याचा व्हिसा बदलण्याशी संबंध असा, की पगाराची माहिती कंपनी कर खात्याला कळवते आणि गृहखाते ती पाहू शकते. पुढच्या अर्जात अटभंग दिसला तर तो नाकारला जाऊ शकतो. आजवर झालेले लपवून अर्ज भरू नये. खोटे विधान हे मूळ चुकीपेक्षा महाग पडते. त्याने विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराकडे जावे. हा सल्ला तिथे विनामूल्य मिळतो.

केअर होमच्या आश्वासनाचे म्हणाल, तर केअर वर्करसाठी परदेशातून भरती २२ जुलै २०२५ ला बंद झाली. ब्रिटनमध्ये आधीच असलेल्यांना २२ जुलै २०२८ पर्यंत व्हिसा बदलता येतो, पण त्याच प्रायोजकाकडे कायदेशीरपणे निदान तीन महिने काम झालेले असावे लागते. ‘कायदेशीरपणे’ हा शब्द लक्षात घ्या. ३५ तासांचे काम तिथेच आड येईल. शिवाय या व्हिसावर पत्नीला किंवा मुलांना नेता येत नाही. एम.एस्सी. केलेल्या मुलाने शक्यतो आपल्या विषयाची नोकरी धरावी, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : स्किल्ड वर्करचा अर्ज करून तीन आठवडे झाले. पासपोर्ट माझ्याकडेच आहे. २० तारखेला पंचवटीत बहिणीचे लग्न आहे. चार दिवस येऊन जाऊ का? — विद्यार्थिनी, सध्या ग्लासगो

नाही. अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड आणि शेजारची बेटे यांच्या सामायिक प्रवास क्षेत्राबाहेर पाऊल टाकले, की अर्ज मागे घेतला असे समजतात. पूर्वी पासपोर्ट गृहखात्याकडे जायचा, म्हणून कोणी जाऊच शकत नसे. आता ओळख पटवणे मोबाइल ॲपवर होते, पासपोर्ट हातात राहतो, आणि त्यामुळेच गैरसमज होतो. विमानतळावर जाताना कोणी अडवणार नाही. अडचण येते ती परतताना.

तुमच्या स्टुडंट व्हिसाची मुदत मधल्या काळात संपली तरी घाबरू नका. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णयापर्यंत जुन्याच अटींवर राहता येते. पण हे संरक्षणही देश सोडला की संपते.

पुढे ज्यांचे लग्नकार्य असेल त्यांच्यासाठी : ५०० पौंड जादा भरून पाच कामाच्या दिवसांत, किंवा १,००० पौंड भरून लगेच पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय मिळण्याची सोय आहे. ती अर्ज भरतानाच निवडायची असते आणि जागा मर्यादित असतात. नाहीतर आधी नाशिकला येऊन जावे, मग अर्ज करावा. भारतात येऊन इथूनच अर्ज करायचा विचार असेल, तर क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र, ‘डिफाइन्ड’ सीओएस आणि २८ दिवस खात्यात १,२७० पौंड किंवा कंपनीची हमी, हे सगळे नव्याने मागे लागते. तिकडे बारा महिने राहून तिथूनच अर्ज करणाऱ्याला यांतले काहीच लागत नाही.

प्रश्न : मुलाचे लग्न डिसेंबरात आहे. सून नाशिकलाच असेल. तो ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. ती कधी जाऊ शकेल? — पालक, इंदिरानगर

तो ग्रॅज्युएट व्हिसावर असेतोवर नाही. त्या व्हिसावर तीच पत्नी राहू शकते, जी आधीपासून त्याच्या स्टुडंट व्हिसावर सोबत होती. आणि जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या, तासिका असलेल्या (संशोधनाच्या नव्हे) एम.एस्सी.ला तर कुटुंब नेताच येत नाही. त्याला पदवी पातळीच्या कामाचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाला, की ती इथून अर्ज करू शकते.

तोवर कागद तयार ठेवा. लग्न शहरात झाले तर महापालिकेत आणि गावात झाले तर ग्रामपंचायतीत नोंदणी लगेच करून घ्या. पत्रिका आणि फोटो नोंदणीची जागा घेत नाहीत. दाखल्यात मराठी मजकूर असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘भाषांतर अचूक आहे’ हे विधान हवे. पासपोर्टवरचे आणि दाखल्यावरचे नाव एकच असू द्या. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर आधी पासपोर्ट बदला, मग व्हिसाचा अर्ज, उलटे नको. पत्नीसाठी २८ दिवस २८५ पौंड खात्यात दाखवावे लागतात किंवा कंपनी हमी देते. तिचीही फी आणि वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार वेगळा, हे लग्नाच्या खर्चासोबतच मोजून ठेवावे.

प्रश्न : मुलगी सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेली आहे. नोकरी मिळते आहे. व्हिसा बदलताना शिष्यवृत्तीची अडचण येईल का? — पालक, सातपूर

फी आणि राहण्याचा खर्च असे दोन्ही सरकारकडून किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेकडून मिळाले असतील आणि तो अभ्यास अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत पूर्ण झाला असेल, तर त्या संस्थेचे लेखी संमतिपत्र जोडावे लागते. ते नसले तर अर्ज नाकारला जातो, बाकी सगळे बिनचूक असले तरी. ही अट ग्रॅज्युएट व्हिसालाही आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला मात्र ती नाही.

पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे मुलीच्या सहीचा अर्ज आत्ताच द्या. सोबत शिष्यवृत्तीचा मंजुरी आदेश, कोर्सची तारीख आणि नोकरीचे पत्र जोडा. पत्रात ‘ब्रिटनमध्ये राहून काम करण्यास हरकत नाही’ असा स्पष्ट मजकूर हवा, इंग्रजीत, लेटरहेडवर, तारखेसह. मंजुरी आदेशातल्या परत येण्याबाबतच्या अटी त्याच वेळी नीट वाचा आणि अर्जात त्यांचा उल्लेख करा. सरकारी टपाल हळू चालते. व्हिसा संपायला महिना राहिला असताना या पत्राची आठवण होऊन चालत नाही.

प्रश्न : पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. सुट्टीत आल्यावर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा काढला तर व्हिसा नव्याने घ्यावा लागेल का? — विद्यार्थी, कॉलेज रोड

नाही. व्हिसा आता ऑनलाइन नोंद आहे, पासपोर्टवर चिकटवलेला नाही. पण नवा पासपोर्ट त्या नोंदीला जोडावा लागतो. आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात जाऊन नवा क्रमांक भरा आणि बदल दिसू लागल्यावरच मुंबईहून विमान धरा. नाहीतर चेक-इनच्या काउंटरवर तुमची परवानगी दिसत नाही. जुना पासपोर्टही जवळ असू द्या. कंपनीला काम करण्याचा हक्क दाखवायचा तो याच खात्यातून काढलेल्या ‘शेअर कोड’ने, तो नव्वद दिवस चालतो.

प्रश्न : जर्मनीचे नियमही असेच आहेत का? मुलगा आखेनला मास्टर्स करतो. — वाचक, म्हसरूळ

रचना वेगळी आणि विद्यार्थ्याला बरीच सोयीची आहे. तिथे कंपनीला प्रायोजकाचा परवाना लागत नाही. जर्मन पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. पदवीला साजेशी नोकरी मिळाली की तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात परवाना बदलून घ्यायचा. २०२६ साठी ‘ब्लू कार्ड’ची, म्हणजे पदवीधर परदेशी कामगारांच्या परवान्याची, वार्षिक पगारमर्यादा ५०,७०० युरो आहे. पदवी मिळून तीन वर्षे झाली नसतील किंवा व्यवसाय टंचाईच्या यादीत असेल, तर ४५,९३४.२० युरो. पगार त्याखाली असला तरी कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो.

अडचण येते ती भेटीच्या वेळेची. या कार्यालयांत अपॉइंटमेंट महिनोन् महिने मिळत नाही. म्हणून परवाना संपण्याआधी ऑनलाइन किंवा लेखी अर्ज दाखल करावा, पोच जपावी आणि ‘फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग’ मागून घ्यावे. जुना परवाना निर्णयापर्यंत चालू असल्याचा तो दाखला असतो. आणि त्याने जर्मन भाषा सोडू नये : ब्लू कार्डवर बी-१ पातळी असेल तर एकवीस महिन्यांत कायम वास्तव्य मागता येते, ए-१ वर सत्तावीस लागतात.

प्रश्न : अर्जाची फी नाशिकहून आमच्या कार्डने भरली तर चालते का? — पालक, अशोका मार्ग

चालते. पण व्हिसाच्या शेवटच्या रात्री भरू नका. अर्जाची तारीख म्हणजे फॉर्म भरल्याची नव्हे, पैसे भरल्याची तारीख. कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो, किंवा रोजची मर्यादा दोन लाखांची आणि रक्कम पावणेपाच लाखांची असते. व्यवहार फसतो आणि तिकडे घड्याळ मध्यरात्र ओलांडते. मग तो अर्ज मुदतीनंतरचा ठरतो, आणि निर्णयापर्यंत जुन्या अटींवर राहण्याचे वर सांगितलेले संरक्षण मिळत नाही. आठवडाभर आधी बँकेत जाऊन मर्यादा वाढवून घ्या. अधिभार आधी भरला जातो आणि फी त्यानंतर, म्हणून दोन्ही व्यवहारांना पुरेल एवढी मर्यादा ठेवा. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो, तो मोबाइल त्या वेळी पैसे भरणाऱ्याच्या हातात असू द्या.